ध्वजदिनाचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा छातीला लावायचा आणि डब्यात सैनिकांसाठी पैसे टाकायचे, ही रीत १९४९ सालापासूनची. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवलं आणि जवळजवळ दर वर्षी मुलांना घेऊन हा डबा बाजारात फिरवला. माणसाचा हात कुठं आखडतो, ते मी समोर उभं राहून पाहिलंय.

"बाई, त्यांना पेन्शन मिळते की! वर कँटीनचं सामान स्वस्तात. मग आमच्याकडं कशाला मागालाय?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा माणूस तोंड उघडायच्या आधी मला ते कळायचं. आणि बोलणारा काही परका नसायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या बेळगावात आहे. १७६८ पासून चालत आलेली ही पलटण. आपल्या भागात वर्दीतला फोटो भिंतीवर नाही असं गाव शोधूनच काढावं लागेल. तरीही हा गैरसमज आपल्यातच घट्ट बसलाय.

आमच्या घराला लागून एक आजोबा राहायचे. सगळा वाडा त्यांना फौजी आबा म्हणायचा. नऊ वर्षं नोकरी झाली आणि वडील वारले. मागं दोन बहिणींची लग्नं राहिलेली, शेत बघायला कोणी नाही, म्हणून पलटणीतनं नाव काढून घेऊन ते गावी आले. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षं भरावी लागतात. आबांची भरली नव्हती. पुढं बहिणींच्या लग्नात शेतही गेलं आणि हा माणूस म्हातारपणापर्यंत दुसऱ्याच्या भातात रोजानं राबला. आबा कुणाकडं कधी काही मागायला गेले नाहीत. ते गेल्यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या शेजारच्या आजी, एकट्या राहिल्या, त्यांना काय मिळणार? ध्वजदिनाचा निधी आहे तो अशांसाठी. युद्धात जखमी झालेले, वीरपत्नी, त्यांची मुलंबाळं, आणि पासष्टी ओलांडलेले, पेन्शन नसलेले माजी सैनिक व त्यांच्या विधवा. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून ही मदत जाते.

आता तर पेन्शनचं ते उत्तर आणखीच लंगडं पडणार. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांनी जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुलं कायम होतील, बाकीची एकरकमी सेवा निधी घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही. आपल्याच गल्लीत पहाटे रस्त्यावर धावणारी ही पोरं.

दुसरा प्रश्न असायचा, "पैसे पोचतात काय?" या प्रश्नाचा मला कधीच राग आला नाही. खोटी पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण आपली माणसं कंजूष नाहीत हो. गावात लक्ष्मीची जत्रा ठरली की घरटी पट्टी निघते, हजारांत निघते, आणि उसनं काढून माणूस ती भरतो. कारण जत्रा झाल्यावर देवळात बसून हिशोब वाचला जातो. मंडप किती, आचारी किती, शिल्लक किती. तिथं कुणीही उठून विचारू शकतो. ध्वजदिनाच्या डब्याचं मात्र पुढं काय झालं, ते आम्ही कधी कुणाला सांगितलं? मुलांच्या हातात झेंडे द्यायचे, प्रत्येकानं एवढे खपवून आणायचे. बाप शाळेची फी समजून पैसे देणार, झेंडा संध्याकाळी केरात. मीही तेच केलं. एका मुलीचे झेंडे खपले नाहीत, तिनं भीतीनं आईच्या भाजीच्या पैशातले आणून दिले. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर गावातल्या आम्ही काही बायकांनी आणि दोन माजी सैनिकांनी पद्धत बदलली. शाळेतल्या मुलांना हात लावायचा नाही. मारुतीच्या देवळापुढं टेबल टाकायचं, वहीत नाव आणि रक्कम लिहायची, पैसे सगळ्यांदेखत मोजायचे. बेळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते भरायचे आणि मिळालेली पावती देवळाच्या फळ्यावर चिकटवायची. पहिल्या वर्षी जे हात हलवून गेले होते, त्यांतले बरेचजण दुसऱ्या वर्षी ती पावती वाचून टेबलाशी आले. ज्यांना आमच्याकडं द्यायचं नाही त्यांनी कार्यालयात जाऊन स्वतः भरावं, किंवा सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावरून. आयकराची जुनी पद्धत निवडली असेल, तर त्यावर सूटही मिळते.

आणखी एक काम पैशाइतकंच निकडीचं आहे. मदतीचे अर्ज बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भरावे लागतात. नुसत्या मराठीवर आयुष्य काढलेल्या म्हातारीला ते जमत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना दोन्ही भाषा येतात. त्यांनी एक रविवार आपल्या गावातल्या अशा घरी जाऊन बसावं. फौजेतनं सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक शोधावं, नावातली स्पेलिंगं जुळतात का ते पाहावं. आबांमागं राहिलेल्या त्या आजींचा अर्ज आमच्या गावातल्या बीकॉमच्या एका मुलीनं भरला. तिला तीन खेपा घालाव्या लागल्या.

यंदा ७ तारखेला संध्याकाळी आम्ही आधी गेल्या वर्षीचा हिशोब वाचणार आहोत आणि मगच डबा उघडणार आहोत. तुमच्या गावात कुणी डबा घेऊन आलं, तर त्यांनाही गेल्या वर्षीची पावती दाखवायला सांगा. त्यांनी दाखवली की द्या.

नमस्कार.