'पाव रे' म्हणणारं यंत्र

नमस्कार श्रोतेहो. आज एका इटालियन तबकडीबद्दल बोलायचंय. नाव 'टेनेब्रे', साल १९८२. नाव पुन्हा सांगते, कारण ते कानावरून घसरतं: टे-ने-ब्रे. अर्थ अंधार. आपल्या संस्कृतात काळोख्या रात्रीला 'तमिस्रा' म्हणतात ना, ती तमिस्रा आणि लॅटिनमधली 'टेनेब्राए' ही चुलत भावंडं आहेत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. आमच्या आजीने मात्र कॅसेटवरचं नाव ऐकून विचारलं होतं, "टेंबरे? कुठले हे टेंबरे?"

आजीकडे येतेच. आधी थोडक्यात ओळख करून देते, मग मला मोकळेपणाने बोलता येईल.

इटलीत 'गॉब्लिन' नावाचा वाद्यवृंद होता. दारिओ अर्जेंतो या दिग्दर्शकाच्या १९७५च्या 'प्रोफोंदो रोस्सो' या चित्रपटाच्या संगीतामुळे तो गाजला. गायन जवळजवळ नाहीच, सगळा भर वाद्यांवर. संगीताची जात प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे काय, तर तीन मिनिटांत संपणाऱ्या गाण्याऐवजी लांबलचक रचना, वाकडेतिकडे ताल, आणि ऑर्गन वाजवणाऱ्याला आपलं कसब दाखवायला भरपूर जागा. १९७७च्या 'सुस्पिरिया'त तर यांनी तबलासुद्धा वाजवलाय. कुणी भारतीयाने नव्हे, त्यांच्याच बास गिटारवाल्याने, फाबिओ पिन्यातेल्लीने. चेटकिणींच्या चित्रपटात तबला! आपल्याकडे तबल्याला कुणी चेटकीण दाखवली नसती, हे आपलं माझं मत.

पुढे वाद्यवृंद विस्कटला. १९८२ साली अर्जेंतोने 'टेनेब्रे' या नव्या, खुनांच्या चित्रपटासाठी त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हा तिघे आले. आपली तबकडी त्याच चित्रपटाच्या संगीताची. क्लाउदिओ सिमोनेत्ती, मास्सिमो मोरांते आणि पिन्यातेल्ली. ड्रमवाला आलाच नाही. म्हणून श्रेयनामावलीत 'गॉब्लिन' हे नाव नाही, नुसती तीन आडनावं आहेत. हे ध्यानात ठेवा: ड्रमवाला नाही. त्याच्या जागी आलं यंत्र.

तर आता आजी.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. ठाण्यात नौपाड्यात जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. जमीन लाकडी. वर कुणी पाय आपटला की खालच्यांच्या चहात भुसा पडायचा. माझा मामा मालवाहू जहाजावर होता. येताना तो साबण, चॉकलेटं आणि कुणाकुणाकडून भरून आणलेल्या कॅसेटी आणायचा. त्यातल्या एकीवर निळ्या शाईने एकच शब्द लिहिलेला होता, टेनेब्रे. मामाला विचारलं तर म्हणाला, "जेनोव्हात एका पोराने दिली. मी ऐकली नाही, माझं डोकं दुखलं."

ऐकली नाही, मग डोकं कसं दुखलं, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

संध्याकाळची वेळ. आजी ताटात वाल सोलत बसलेली. भिजवून मोड आलेले वाल, बोटाच्या चिमटीत धरून दाबले की दाणा टुणकन उडतो. टू-इन-वन कोपऱ्यातल्या स्टुलावर, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. मी रुमाल बाजूला केला, कॅसेट घातली, बटण दाबलं. धप, धप, धप, धप. घड्याळासारखा पक्का ठेका. मग एक आवाज आला. माणसाचा, आणि नाहीही. कुणी पंख्यासमोर तोंड धरून बोलावं तसा. एकच शब्द, ओढून ओढून म्हटलेला. "पाऽऊऽरा. पाऽऊऽरा."

आजीचा हात थांबला. चिमटीतला वाल तसाच राहिला. म्हणाली, "अगं बाय, हा तर देवाला आळवतोय."

मी म्हटलं, "आजी, हे इटलीचं आहे."

"असू दे ना. इटलीत देव नाही का? ऐक नीट. पाव रे, पाव रे म्हणतोय. गळा बसलाय बिचाऱ्याचा."

श्रोतेहो, त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. आजही येत नाही. पाव रे, पाव रे. आजीने खुणेनेच आवाज वाढवायला सांगितला. मी वाढवला. मागून ऑर्गन सुरू झाला, एकदम चर्चमधल्यासारखा, तेव्हा तर आजीची खात्रीच पटली. तिने ताट खाली ठेवून हात जोडले. आणि खालून ठक ठक ठक! खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छताला, म्हणजे आमच्या जमिनीला, ठोकत होत्या. "आवाज कमी कर गं कार्टे! माणसं राहतात इथे!"

आजी खिडकीतून ओरडली, "भजन चाललंय!"

काकूंनी जे उत्तर दिलं ते आकाशवाणीच्या नियमात बसत नाही.

पुढे कितीतरी दिवस दिवेलागणीनंतर आजी म्हणायची, "तुझं ते पाव रे लाव." मी लावायची. रिळ गुंतलं की पेन्सिल घालून फिरवायची. कॅसेट शेवटी इतकी झिजली की बिचाऱ्याचा गळा खरोखरच बसला.

अर्थ मला कळला कितीतरी वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, ग्रंथालयातल्या एका इटालियन शब्दकोशात. 'पाऊरा' म्हणजे भीती. सबंध तबकडी वाद्यांची, त्यात ऐकू येणारा हा एवढाच शब्द, आणि तो 'भीती, भीती' असं म्हणतोय. आजी तेव्हा नव्हती. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "मग काय चुकलं त्यांचं? घाबरल्याशिवाय कोण म्हणतं पाव रे?"

तर तो पंख्यासमोरचा आवाज व्होकोडर नावाच्या यंत्राचा. माणूस बोलतो, पण सूर सिंथेसायझरचा लागतो. शब्द माणसाचे, गळा यंत्राचा. तबकडीत सिमोनेत्तीजवळ हे होतं, आणि रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ठेका धरणारं यंत्रही होतं. मधल्या वर्षांत तो डिस्कोच्या नादाला लागला होता. तिकडे इंग्लंडात न्यू वेव्हची लाट आलेली. छोटी गाणी, ताठ ठेका, सिंथेसायझरचे थंडगार सूर. त्यामुळे 'टेनेब्रे'त हात जुने, प्रोग्रेसिव्ह रॉकचे, आणि ठेका नव्या जमान्याचा. पुन्हा सांगते, हात जुने, ठेका नवा.

जुने शौकीन यावर नाकं मुरडतात. म्हणतात, यंत्राच्या ठेक्यात जीव नाही. मला ते पाट्यावरच्या आणि मिक्सरमधल्या चटणीसारखं वाटतं. कोथिंबिरीची चटणी पाट्यावरचीच, यात वाद नाही. मिक्सरमध्ये ती गरम होते, काळवंडते, शिवाय लोक त्यात साखर घालतात, का घालतात देव जाणे. पण इडलीचं पीठ पाट्यावर कोण वाटत बसतं? या संगीताला यंत्रच हवं होतं. मारेकरी थकत नाही, घाबरत नाही, त्याच्या चालीला घाम फुटत नाही. ठेकाही तसाच. वर पिन्यातेल्लीचा बास आणि मोरांतेची गिटार ही मात्र जिवंत माणसांची बोटं. हा बास मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येत नाही, कृपा करून तिथे ऐकू नका.

चित्रपटाचं नाव अंधार, आणि अर्जेंतोने तो भरपूर उजेडात चित्रित केलाय. रोममधला ईयूआर हा आधुनिक भाग, पांढऱ्या इमारती, रात्रसुद्धा लख्ख. त्यात एक प्रसिद्ध दृश्य आहे. कॅमेरा लुमा क्रेनवर, म्हणजे लांब दांड्याच्या यारीवर चढवून एका घराच्या बाहेरून फिरवलाय. खिडकी, भिंत, कौलं, पुन्हा पलीकडची खिडकी, मध्ये एकही तुकडा न तोडता, सुमारे अडीच मिनिटं. एवढ्यासाठी तीन दिवस लागले. आणि मागे हे संगीत दणदणतंय.

हे मी पहिल्यांदा मैत्रिणीकडे पाहिलं. दिवाणावर दोघी, मांडीवर चिवड्याची वाटी. आपण समजतो, हे पार्श्वसंगीत आहे, प्रेक्षकांसाठी आहे. आणि घरातली बाई वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला ओरडते, आवाज कमी कर! म्हणजे तबकडी त्या घरातच लागलेली. पार्श्वसंगीत नव्हेच ते, शेजाऱ्यांना होणारा त्रास होता. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. मी आवाज कमी केला आणि पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. मैत्रीण म्हणाली, "काय झालं?" काय सांगणार? खालच्या काकू आल्या म्हणून?

चित्रपट मुलांसोबत बघू नका, कुऱ्हाड आहे त्यात. संगीत खुशाल ऐकवा. कदाचित मुलांनी आधीच ऐकलंही असेल, कारण जस्टिस या फ्रेंच जोडीने २००७ साली याच धूनेचे तुकडे घेऊन स्वतःचं नाचगाणं बनवलं आणि ते भलतंच चाललं. मास्सिमो मोरांते २०२२ साली गेला. सिमोनेत्ती अजूनही या धुना घेऊन गावोगाव वाजवत फिरतो.

काचेपलीकडून मला खुणा होतायत, म्हणजे वेळ संपत आली. तबकडीची पहिली बाजू, पहिला तुकडा, लावतेय. ठेका सुरू झाला की थोडं थांबा, तो शब्द येईल. पाऊरा ऐकू आलं की पाव रे, ते मला जरूर कळवा. पत्रात नाव आणि गाव लिहायला विसरू नका, मागच्या वेळी चौघांनी विसरलं होतं.