पडद्याशेजारी बसणारं माणूस

(ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, मागच्या खुर्च्याही भरल्या, बरं वाटलं. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘विकसनशील देशांत ऑनलाइन शिक्षण: आव्हानं’. तिथे मी येणार आहेच. पण आधी मला एका चाळीच्या खोलीबद्दल बोलायचं आहे.

२०२० चा जून आठवा. मी नववीला गणित शिकवत होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तेव्हा जेवणाच्या टेबलावर नातवाची शाळा भरत असेल. माझा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा. फ्रिजमधला काचेचा कप्पा काढायचा, सारख्या उंचीच्या दोन स्टीलच्या डब्यांवर आडवा ठेवायचा, काचेवर मोबाइल आणि काचेखाली कागद. मी लिहायचे ते मुलांना दिसायचं. इथे शिक्षक मंडळी किती आहेत? हात वर करा बरं. बघा, अर्धं सभागृह! तुम्हीही असंच काहीतरी केलं असणार. कुणी खुंटीला हँगर टांगला असेल, कुणी नवऱ्याला मोबाइल धरून उभं केलं असेल. त्या महिन्यांत शिक्षकांनी घरातल्या घरात जी जुळवाजुळव केली, ती कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवी.

पटावर बावन्न मुलं. पडद्यावर एकोणीस, कधी बावीस. आणि रोज संध्याकाळी वरून तक्ता यायचा: किती उपस्थित, टक्केवारी किती, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडा. चार मिनिटं येऊन गेलेलं मूल उपस्थित. शेजारच्या घरी बसून एकाच मोबाइलमध्ये डोकं घातलेली तिघं मात्र मिळून एक. मुलाला काय येतं, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. मी तो रकाना स्वतः आखून पाठवला, तर ‘नमुन्यात बदल करू नये’ असं उत्तर आलं. याचा राग मला अजून आहे.

एक मुलगी कधी बोलायचीच नाही. लोकमान्य नगरला राहणारी. रोज वेळेवर यायची, पण माइक बंद, कॅमेरा बंद. ‘समजलं का?’ विचारलं की खाली टाइप करायची, ‘हो बाई’. एकदा मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, ‘तोंड नाही का गं तुला?’ पुढचे दोन दिवस ती आली नाही. मी संध्याकाळी फोन लावला. वडिलांनी उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात ते रात्रपाळीचे वॉचमन. म्हणाले, “बाई, मी आठला घरी येतो, मग झोपतो. तवा तिची शाळा असते. खोली एकच. बोलली की मला जाग येते म्हणून ती बोलत नाय.”

दहा बाय दहाची खोली. पलंगावर झोपलेला बाप, पलंगाखाली पाय घेऊन भिंतीला टेकून बसलेली मुलगी, कानात एकच इयरफोन, कारण दुसरा बंद पडलेला. फोन रात्री बापाबरोबर ड्यूटीवर, त्यामुळे मी रात्री पाठवलेला गृहपाठ तिला सकाळी मिळायचा. दिवसाचा दीड जीबी, त्यात धाकट्या भावाची पाचवीही. दुपारी डेटा संपला की दोघांचीही शाळा सुटली. हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तिथे ती तोवर १०० टक्के उपस्थित होती. आणि मी तिला सगळ्यांसमोर ते वाक्य बोलले होते. नंतर मी तिची माफी मागितली, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या चाळीत दोन घरं सोडून बारावी कॉमर्सची एक ताई राहायची. मी तिला विनंती केली, चार मुलं रोज तासभर तुझ्याजवळ गॅलरीत बसू देत. ती म्हणाली, “मॅडम, मला नववीचं गणित आता आठवत नाही.” म्हटलं, शिकवू नकोस. नुसतं विचार, ‘दाखव, काय केलंस?’

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. आमचा संश्लेषक भागाकार, म्हणजे बहुपदी भागायची छोटी रीत, चालू होता. माझी विद्यार्थिनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर गणितं करायची, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. भाजक x + 3 असेल तर मांडणीत उणे तीन घ्यायचे. ही प्रत्येक ठिकाणी अधिक तीन घेत होती. तीन आठवडे! तीन आठवडे मी ‘समजलं का’ विचारत होते आणि ती ‘हो बाई’ लिहीत होती. त्या ताईला भागाकार येत नव्हता. तिनं फक्त पुस्तकातलं उदाहरण आणि कॅलेंडरचं पान शेजारी शेजारी धरलं आणि विचारलं, “इथे उणे आहे, तू अधिक का घेतलंस?” पोरीला तिथल्या तिथे उमगलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचा माइक सुरू झाला. गॅलरीतून, मागे कुकरची शिट्टी, आणि तिचा आवाज: “बाई, चिन्ह बदलायचं ना?”

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणून. तर आता पत्रिकेवरचा विषय. भराभर सांगते.

शाळा बंद झाल्या तेव्हा युनेस्कोच्या हिशेबानं जगातले दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. आपल्याकडे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेट असलेली घरं शहरात साधारण ४२ टक्के, खेड्यात १५. संगणक खेड्यात शंभरातल्या चार घरांत. आकडे बरे होत चाललेत. पण घरात फोन आहे म्हणजे तो मुलाच्या हातात आहे, असं नव्हे. वॉचमनचा फोन घरात मोजला जातो आणि रात्रभर गेटवर असतो.

म्हणून सरकारं यंत्र वाटायला निघतात. शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना आठवते? आपल्या शेजारी, कर्जतजवळच्या खैराटच्या धनगरवाड्यातल्या शाळेत ते लॅपटॉप २००७ मध्ये आले होते. पेरू देशानं तर आठ लाखांवर लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं लॅपटॉप वापरायला शिकली, पण गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. मोठ्या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचंही तसंच. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये शंभरातली साधारण तीन माणसं शेवटपर्यंत पोचली.

आणि कुठे चाललं? मेक्सिकोत १९६८ पासून ‘टेलिसेकुंदारिया’ आहे. दूरच्या गावातली माध्यमिक शाळा टीव्हीवर. साधारण पाव तासाचा कार्यक्रम, आणि वर्गात एक शिक्षक हजर. सगळ्या विषयांना एकच शिक्षक, पण समोर बसलेला. आज तिथे दहा लाखांहून अधिक मुलं शिकतात. बोत्सवानात २०२० साली शाळा बंद असताना संशोधकांनी साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय, आठवड्याला वीसेक मिनिटांचा कॉल करून मुलांना गणित सोडवायला लावलं, पालकाला बाजूला बसवून. मुलं सुधारली. ज्यांना नुसते एसएमएस गेले, त्यांच्यात विशेष फरक पडला नाही. गणितं तीच, फरक माणसाच्या आवाजाचा.

आपल्याकडेही हे नवं नाही. १९७५-७६ मध्ये इस्रोनं नासाचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० गावांत शिक्षणाचा टीव्ही पोचवला. कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी छत्री, गावात एक संच, आणि अख्खं गाव एकत्र बसलेलं. त्या सहात महाराष्ट्र नव्हता, याची मला हळहळ वाटते. २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शाळेच्या मुलांसाठीची मालिका लागायची तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या आवारात हे थोडंसं पाहिलं. जिथे आजी शेजारी बसायची, तिथे मूल कार्यक्रम संपल्यावर काहीतरी करून बघायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑनलाइन शिक्षणाच्या प्रत्येक योजनेत टॅबच्या खर्चाशेजारी, मुलाजवळ बसणाऱ्या या माणसाच्या मानधनाची ओळ असली पाहिजे. टॅबचं टेंडर निघतं, या ओळीचं नाव कुणी काढत नाही. त्या बारावीच्या ताईला आठ महिने कुणी एक रुपया दिला नाही. मराठीत चांगले धडे, वीज, नेटवर्क हे सगळं हवंच. आपल्या येऊरच्या पाड्यांवर रेंजसाठी मुलं दगडावर चढून बसायची, आणि खाली घोडबंदरचे टॉवर दिसायचे. तो मुद्दा मी नीट मांडणार होते, पण दुसरी चिठ्ठी आली आहे.

एक शेवटचं. लोकमान्य नगरला आम्ही एक खोली मिळवली आहे. संध्याकाळी सहा ते आठ, दोन जुने संगणक, वायफाय आणि अकरा मुलं. त्यांच्याशेजारी बसायला माणसं हवी आहेत. गणित आलं पाहिजे अशी अट नाही. बाहेर चपलांच्या कपाटाजवळ टेबलावर वही ठेवली आहे, नाव आणि वार लिहून जा. मंगळवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत.