बर्गरमधला टोमॅटो आणि कपातली कॉफी

नमस्कार श्रोतेहो.

२०२३ चा जुलै महिना आठवून पाहा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव लागत होता. भाव पडला की रस्त्यावर माल ओतून देणारा जुन्नर तालुका त्या महिन्यात ताठ मानेनं बाजारात उभा होता. आणि त्याच दिवसांत दिल्लीकडच्या मॅकडोनाल्डच्या दुकानांत काउंटरजवळ एक कागद लागला, की काही दिवस आमच्या पदार्थांत टोमॅटो नसेल. कारण दिलं होतं दर्जाचं. हवा तसा माल मिळत नाही, सबब टोमॅटो बंद. ऑगस्टमध्ये बर्गर किंगनंही तेच केलं.

लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. टोमॅटो गेला, पण फलकावरचा भाव जागचा हलला नाही. दोन चकत्यांचे चार-पाच रुपये वाढवून टाकले असते तर काय बिघडलं असतं? पण या कंपन्यांनी वर्षानुवर्षं जाहिरात कशाची केली, तर आकड्याची. वीस रुपयांतल्या बर्गरची जाहिरात तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या आकड्यावर गिऱ्हाईक दारात आलं. मग चकती काढून घेतलेली ते एक वेळ खपवून घेईल, पण आकडा वाढला की दार बदलेल, ही भीती मालकाला असते. आणि ती खरीही आहे, कारण शेजारीच दुसरं दार उघडं आहे.

आता कॉफीकडे येऊ. अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो. तिथे तिचा १९७७ सालचा उच्चांक जवळजवळ अर्धं शतक टिकून होता. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये दंव गोठून मळेच्या मळे करपले होते, त्यातून तो भाव आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये हा उच्चांक मोडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, चार डॉलरच्या वर गेला. कारण पुन्हा ब्राझीलच, पण या वेळी दुष्काळ. आपल्या चिकमगळूर आणि कोडगूतले मळेवालेही याच भावाकडे डोळे लावून बसलेले असतात. आपली बरीचशी कॉफी परदेशी जाते, त्यामुळे तिकडे भाव चढला की इथल्या कॅफेलाही इथलीच कॉफी महाग पडते.

मग आपला कप किती महागायला हवा? चला, कागद-पेन्सिल घेऊ. एका कापुचिनोला भाजलेली पूड लागते सोळा-सतरा ग्रॅम. भाजताना वजन घटतं, म्हणून कच्च्या बिया धरू वीस ग्रॅम. पौंडाला चार डॉलर म्हणजे त्या वेळच्या दरानं किलोला साडेसातशे रुपयांच्या आसपास. म्हणजे कपातली कॉफी झाली पंधरा रुपयांची. वर्षभर आधी, भाव याच्या निम्म्याच्याही खाली असताना, ती सात रुपयांची होती. थोडक्यात, जगभर मथळे झळकवणाऱ्या त्या ऐतिहासिक भाववाढीनं एका कपाचा खर्च वाढला आठ रुपयांनी. आणि तो कप आपल्याला मिळतो अडीचशेला! अमूलनं १ मे २०२५ पासून दूध लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं, त्याचा हिशेब तर याहून मजेशीर आहे. कपात दूध दीडशे मिलिलिटर. वाढ तीस पैसे.

मग उरलेले दोनशे रुपये जातात कुठे? गाळ्याच्या भाड्यात. मॉलमधल्या किंवा रस्त्यालगतच्या मोक्याच्या जागेच्या डिपॉझिटमध्ये. सकाळी आठ ते रात्री अकरा दोन पाळ्यांत उभ्या असलेल्या पोरांच्या पगारात, आणि दिवसभर चालणाऱ्या एसीच्या विजेत. शिवाय जीएसटीची एक गोम आहे, जी बिल भरणाऱ्याला दिसत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांच्या बिलावरचा कर पाच टक्के झाला. आपण खूश झालो. पण त्याच दिवशी दुकानदाराची वजावट गेली. म्हणजे भाड्यावर अठरा टक्के जीएसटी तो भरतो आणि तो त्याला कुठेही वळता करून घेता येत नाही. तो त्याचा खर्चच होऊन बसतो.

आणि या सगळ्या खर्चांचा स्वभाव एकच. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, ते ठरलेलेच. दिवसाला दोनशे कप विकले तरी भाडं तेवढंच, शंभर विकले तरी तेवढंच. म्हणून माझं म्हणणं असं, की बियांच्या भावानं कॉफीचं दुकान सहसा बुडत नाही. ते बुडतं रिकाम्या खुर्च्यांनी. भाववाढ मालकाची झोप उडवते हे खरं, पण ती पेलायला हातात गिऱ्हाईक असलं तर आठ रुपयांची सोय कुठूनही होते.

खुर्च्या रिकाम्या कशा होतात ते पाहायचं तर आपल्याच देशातली साखळी घ्या. १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं. तोवर बाहेर बसून कॉफी म्हणजे इंडियन कॉफी हाउस नाही तर उडप्याचं हॉटेल. कॉफी डेनं कॉलेजच्या पोरांना तासन्‌तास बसायला जागा दिली. किती लग्नं तिथे ठरली आणि किती मोडली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. २०१९ मध्ये या कॅफेंची संख्या सतराशेच्या वर होती. मग संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ गेले, सात हजार कोटींच्या वरचा कर्जाचा डोंगर उघडा पडला, पाठोपाठ कोविड आला. २०२४ पर्यंत कॅफे उरले साडेचारशेच्या आसपास. इथे मुख्य घाव कर्जाचा, हे कबूलच. पण मोकळ्या झालेल्या गिऱ्हाइकाला जायला जागाही तयार होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला आलं होतं. मागून ब्लू टोकाई, थर्ड वेव्ह आले. हे लोक मळ्याचं नाव सांगून कॉफी विकतात, आणि ऐकणारं गिऱ्हाईकही आता तयार झालंय.

स्टारबक्सलाही इथे वाकावं लागलंच. मसाला चहा आणि फिल्टर कॉफी ठेवावी लागली. २०२३ मध्ये 'पिक्को' नावाचा छोटा कप आणावा लागला, १८५ रुपयांपासून. भाव उतरवल्याचा डाग नको, म्हणून कप उतरवला. आणि स्पर्धा काही फक्त कॉफीवाल्यांशी नाही. पुण्यात अमृततुल्यच्या साखळ्यांनी कोपरान्‌कोपरा धरलाय. तिथला चहा कॅफेतल्या कॉफीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळतो आणि उभ्यानंच पिऊन माणूस कामाला लागतो.

बर्गर-पिझ्झाची कहाणी थोडी वेगळी. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्डची दुकानं मुंबईची वेस्टलाइफ कंपनी चालवते. २०२४ मध्ये जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा घटल्याचं तिनं सलग काही तिमाह्यांत जाहीर केलं. लोकांनी खिसा आवळला होता. त्याच काळात डॉमिनोजनं घरपोच पोचवण्याचे वेगळे पैसे घेणं सोडून दिलं आणि मागणी वाढवून घेतली. पिझ्झाचा भाव तोच, वरचे पैसे माफ. मनाला लागतात ते बहुधा हे वरचेच पैसे.

आणि या सगळ्यांच्या पायाशी उभा आहे आपला वडापाव. त्याला भाववाढ चुकली असं समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क सरकारनं एकदम वाढवलं, तेलाचा डबा महागला. २०२५ च्या मे अखेरीस त्यातलं काही कमी झालं. मध्येच मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेवर जाण्याचे उच्च न्यायालयाचे आदेश आले, त्यामुळे लादीपाव महागण्याची धास्ती. गाडीवाला फलक बदलत नाही, कारण त्याच्याकडे फलकच नसतो. तो वडा हातात थोडा लहान वळतो. चटणी घट्टऐवजी सैल होते. नेहमीच्या माणसाला हे पहिल्या घासात कळतं, पण तो काही बोलत नाही. मालाडला २००१ मध्ये सुरू झालेल्या जंबोकिंगला साखळी म्हणून हा खेळ परवडेना. भाडं भरून दहा-पंधरा रुपयांचा वडापाव विकणं अवघड. शेवटी ते बर्गरकडे वळले, जिथे आकडा मोठा सांगता येतो.

स्पर्धा टोकाला गेली की काय होतं ते चीनमध्ये दिसलं. लकिन कॉफी या तिथल्या साखळीच्या संस्थापकांना हिशेबातल्या घोटाळ्यानंतर बाहेर काढलं होतं. त्यांनी २०२२ मध्ये कॉटी नावाची नवी साखळी काढली आणि जुन्याच कंपनीशी भावाचं युद्ध पुकारलं. २०२३ मध्ये लकिननं कप ९.९ युआनला लावला, म्हणजे आपले एकशे दहा-पंधरा रुपये. त्याच वर्षी विक्रीत त्यांनी चीनमधल्या स्टारबक्सला मागे टाकलं. स्टारबक्स म्हणत राहिलं, आम्हाला भावयुद्धात पडायचं नाही. जून २०२५ मध्ये त्यांनी काही पेयांचे भाव उतरवले, आणि नोव्हेंबरमध्ये चीनच्या व्यवसायातला साठ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बोयू कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरवलं.

आपल्याकडे सध्या दुसरंच घडतंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीज, बटर, सॉस यांच्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. मघाशी सांगितलं तसं दुकानदाराला वजावट नाहीच, त्यामुळे ही सगळी बचत थेट त्याच्या गल्ल्यात पडते. तिथून ती तुमच्यापर्यंत आली का, हे पाहायचं असेल तर मोबाइलमध्ये ऑगस्ट २०२५ चं एखादं पिझ्झ्याचं बिल शोधा. त्याच पिझ्झ्याचं आजचं बिल शेजारी ठेवा. खालची कराची ओळ पाच टक्केच असेल, ती बदललेली नाही. पाहायचा तो वरचा आकडा.

नमस्कार.