भेंडीची चिठ्ठी

गोवंडीच्या आमच्या गटाकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणाला गल्ल्यासारखी चीर पाडलेली. शनिवारी संध्याकाळी बालवाडीची खोली मोकळी झाली की तीस-बत्तीस मुलंमुली जमतात, डब्यात पाळी, शरीर अशा विषयांवरच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि त्यांच्यातलीच दोघं त्या वाचून उत्तरं देतात. ती एकोणीस वर्षांची, सकाळी चार घरची कामं करते. तो विशीतला, जरीच्या कारखान्यात बसतो. मी मागच्या भिंतीला टेकून बसते. त्या मागे बसण्याबद्दलच आज तुमच्याशी बोलणार आहे.

सुरुवातीला पुढे मीच उभी असायचे. नर्सिंग शिकलेली बाई, हातात गर्भाशयाचा रंगीत तक्ता. मुली खाली बघायच्या, मुलं एकमेकांना ढोसायची, प्रश्न एकही यायचा नाही. म्हणून डबा आणला, आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. एक चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली. ‘पाळी दोन महिने चुकली तर गोळी कोणती?’ चौकोनी वहीचं पान, जांभळी शाई. ती वही कोणाची हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, एका मला सोडून. ती मुलगी परत आली नाही. पंधरा दिवसांत तिला गावी धाडलं असं कानावर आलं. आजही जांभळी शाई दिसली की माझ्या पोटात कालवतं.

त्यानंतर नियम मुलांनीच केले. कागद सगळ्यांना एकसारखा, पेन एकसारखं, अक्षर सुटं आणि मोठं. चिठ्ठी प्रत्येकानं टाकायचीच, म्हणजे कोण लिहितंय याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. ज्याला काही विचारायचं नाही त्यानं एखाद्या भाजीचं नाव लिहायचं. हे मला कधीच सुचलं नसतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढलेल्या पोरांनाच कळतं की आडोसा कसा उभा करायचा असतो. पहिल्या शनिवारी जवळजवळ सगळा भाजीबाजार निघाला. कांदा, भेंडी, दुधी. मग हळूहळू भाज्या कमी झाल्या.

प्रश्न कसले असतात? ‘धातू गेल्यानं अशक्तपणा येतो का?’ हा मुलांचा पहिला प्रश्न, कारण गुप्तरोगवाल्यांच्या जाहिराती ती लोकलच्या डब्यात रोज वाचतात. ‘अंगावरून पांढरं जातं, आई म्हणते उष्णता आहे.’ ‘पाळीचं कापड वाळत कुठं घालू?’ या शेवटच्याला पुस्तकात उत्तर नाही. उत्तरं देणाऱ्या आमच्या मुलीनं मात्र पटकन सांगितलं, कोणत्या गल्लीच्या पत्र्यावर दुपारी ऊन येतं आणि तिथल्या मावशी काही बोलत नाहीत.

वाचकांनी विचारावं आणि कोणीतरी सरळ उत्तर द्यावं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी खटला हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. उत्तर देण्याची किंमत तेव्हाही होती. आजची किंमत वेगळी आहे, आणि ती आमच्या मुलांना पुरती समजावी लागते.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही लागू झालं. पण मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा येतो. तिची संमती असली तरी संबंध गुन्हाच धरला जातो, आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक. म्हणून सतरा वर्षांची पोर दवाखान्याची पायरी चढत नाही, गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते आणि घरी रक्तस्राव होत पडून राहते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. वस्तीतल्या किती आयांना हे ठाऊक आहे? आमच्या गटातल्या मुलीनं हे वाक्य वहीत लिहून पाठ केलंय आणि पहाटे सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत ती ते बायकांना सांगते. तिथं मला कोणी काही विचारत नाही.

सरकारनंही २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी, आणि त्यात समवयस्क शिक्षक ठेवले. कल्पना योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की मोठ्यांनी लिहिलेलं पोरांकडून म्हणवून घेतलं की काम युवकांच्या हाती गेलं असं होत नाही. सत्र कधी, कुठं, काय बोलायचं, हे त्यांनी ठरवायला हवं. आणि त्यांना मानधन हवं. शनिवारी संध्याकाळी डब्यापाशी बसण्यासाठी जरीवाला मुलगा ओव्हरटाइम सोडतो. त्याच्या घरी ते पैसे मोजले जातात, आणि त्याला सेवाभाव शिकवण्याचा अधिकार पगार घेणाऱ्या मला नाही.

भाजीचा नियम मलाही लागू आहे. मी दर वेळी भेंडी लिहायचे. मागच्या महिन्यात पहिल्यांदा प्रश्न लिहिला. ‘पाळी बंद होताना रात्री अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, काय करावं?’ मुलीनं चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. म्हणाली, “हे मला नीट माहीत नाही. अंदाजानं सांगणार नाही. दवाखान्यात विचारून पुढच्या शनिवारी सांगते.” चिठ्ठी घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली. कोणाची आहे हे पाहायला मान वर केली नाही. पुढच्या शनिवारी तिनं उत्तर आणलं.