क्रेनवर बसण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गेली २२ वर्षं क्रेनवर आहे. आधी खलाशी, म्हणजे क्रेनवरचा मदतनीस, मग हायड्राचा, म्हणजे छोट्या फिरत्या क्रेनचा ऑपरेटर, आणि आता मोठी, लांब-आखूड होणाऱ्या हाताची टेलिस्कोपिक क्रेन चालवतो. आज मला बोलायचंय ते उद्यमबाग, मच्छे, होनगा, कागल अशा कारखान्यांच्या ठिकाणी रोज कामाला जाणाऱ्या पोरांशी, आणि संध्याकाळी त्यांची वाट बघणाऱ्या घरच्यांशीही.

आपल्याकडं क्रेन शिकायची एक रीत आहे. दहावी झाली की कुणाच्या तरी ओळखीनं हायड्रावर खलाशी म्हणून लागायचं. स्लिंग, म्हणजे भार लटकवायचा दोर, बांधायची, शॅकल, म्हणजे जोडायची लोखंडी कडी, लावायचं, ग्रीस मारायचं, उस्तादाला चहा आणून द्यायचा. दुपारी उस्ताद जेवायला बसले की लिव्हरला हात लावून बघायचा. वर्ष-दोन वर्षांत हात बसतो आणि एक दिवस मालक म्हणतो, उद्यापासून तूच चालव. मी असाच शिकलो. या रीतीला मी नावं ठेवणार नाही, माझा हात तिनंच घडवला. पण तिच्यात एक गोष्ट कुणी शिकवत नाही. ‘हा भार मी उचलणार नाही’ असं मालकाच्या तोंडावर कसं सांगायचं, ती. आणि का उचलणार नाही, ते हिशोबानं कसं दाखवायचं.

मी १९ वर्षांचा होतो. गोकाककडच्या एका कामावर होतो, पावसाचे दिवस. काळी जमीन, सगळीकडं चिखल. क्रेनचे चारी आऊटरिगर, म्हणजे आपण ज्यांना जॅक म्हणतो ते टेकूचे पाय, बाहेर काढून टेकवले. मागचा डावा जॅक जिथं टेकला, तिथं महिन्यापूर्वी पाइपलाइनचा चर बुजवला होता. वरून सगळी माती एकसारखीच दिसत होती. मी जॅकखाली फळीचा एक तुकडा सरकवला आणि ठीक आहे म्हणून हात केला. उस्तादांनी लोखंडी टाकी जमिनीपासून हातभर उचलली, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, डावीकडं फिरवला, आणि तो जॅक सावकाश आत जायला लागला. समोरचा जॅक जमिनीपासून सुटला. त्याच्या खालून पलीकडचा उजेड दिसला, तो मला अजून आठवतो.

उस्तादांनी उडी मारली नाही. बूमला हात लावला नाही. त्यांनी फक्त दोर सोडला, सावकाश पण न थांबता. टाकी टेकली, भार गेला, आणि क्रेन धाडकन चारी पायांवर आली. टाकी हातभरच वर होती म्हणून आम्ही वाचलो. बूम खाली घेतला असता तर भार आणखी लांब गेला असता आणि क्रेन गेलीच असती. खाली उतरून ते मला ओरडले नाहीत. दंडाला धरून जॅकजवळ घेऊन गेले. म्हणाले, “पोरा, वर काय बघत होतास? इथं बघायचं.”

पुढं प्रशिक्षण घेतलं तेव्हा त्या ‘इथं’चं गणित कळलं. समजा एका जॅकवर १२ टन भार येतो. जॅकची ताटली ४० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटर. म्हणजे जमिनीवर दर चौरस मीटरला ७५ टन दाब. तीच ताटली एक मीटर बाय एक मीटरच्या जाड, भक्कम लाकडी पाटावर ठेवली, तर दाब १२ टनांवर येतो. फळीचा तुकडा आणि पाट यांत एवढा फरक आहे. आपल्या जिल्ह्यात तर हे पावलोपावली लागतं. खानापूरकडं जांभा, तो बऱ्यापैकी भार घेतो. बैलहोंगल, गोकाक, अथणीकडं काळी माती; उन्हाळ्यात दगडासारखी आणि पावसाळ्यात लोण्यासारखी. एकाच ऑपरेटरला दोन्हीकडं जावं लागतं.

दुसरी गोष्ट लोड चार्टची, म्हणजे किती अंतरावर किती टन उचलायचे त्या तक्त्याची. क्रेनवर मोठ्या अक्षरांत टनांचा आकडा लिहिलेला असतो, आणि लोकांना वाटतं क्रेन तेवढं कुठंही उचलते. भरलेली कळशी बाई कमरेवर घेऊन घरापर्यंत येते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलंसुद्धा जाता येणार नाही. क्रेनचंही तसंच. तो आकडा भार अगदी जवळ असतानाचा. ३ मीटरवर १० टन उचलणारी क्रेन १२ मीटरवर साध्या हिशोबानंच अडीच टनांवर येते, आणि बूमचं स्वतःचं वजन धरलं की त्याच्याही आत. त्यात हुक आणि स्लिंगचं वजन भारातच मोजायचं. हा तक्ता केबिनमध्ये असतो, बहुतेक इंग्रजीत, आणि कितीतरी चांगले हात असलेल्या पोरांनी तो कधी वाचलेला नसतो. मीही सहा वर्षं वाचला नव्हता.

स्लिंगचं तसंच. २ टनांचा भार दोन पायांच्या स्लिंगनं उचलला. पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर १ टन. ते फाकून जमिनीशी ४५ अंशाचा कोन झाला, तर प्रत्येकावर जवळपास १.४ टन. ३० अंशांवर आले, तर प्रत्येकावर पूर्ण २ टन. भार तोच, आणि स्लिंगवरचा ताण दुप्पट. तुमच्या कामावर स्लिंग तुटली की ‘माल खराब होता’ म्हणतात. कोन किती होता, हे कुणी विचारत नाही.

आता कागदांचं सांगतो, कारण यात फार गोंधळ आहे. कागद तीन आहेत आणि तिन्ही वेगळे. पहिला क्रेनचा. सक्षम व्यक्तीनं यंत्र तपासून दिलेला दाखला, वर्षातून एकदा कसून तपासणी व्हायलाच हवी. तो यंत्राचा आहे, तुमचा नाही. दुसरा वाहन परवाना. ट्रकवरची क्रेन रस्त्यावर न्यायची तर अवजड वाहनाचा परवाना लागतो. त्यासाठी वय २० पूर्ण हवं आणि आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. पण त्या परवान्यानं तुम्ही क्रेन रस्त्यावर चालवू शकता एवढंच ठरतं. भार उचलता येतो, हे त्यानं ठरत नाही. ते ठरतं तिसऱ्या कागदानं, ऑपरेटरच्या कौशल्य प्रमाणपत्रानं. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा आणि त्याचे १९९८ चे नियम सांगत आले की क्रेनवर बसणारा १८ वर्षांवरचा, कामात तयार आणि वैद्यकीय तपासणी झालेला हवा. हा कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत सामावलाय.

इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल ही या यंत्रांसाठीची परिषद आहे. तिच्याशी जोडलेल्या केंद्रात शिकता येतं, आणि शेवटची परीक्षा शिकवणारा घेत नाही, बाहेरचा परीक्षक घेतो. जे आधीच पाच-दहा वर्षं क्रेनवर आहेत, त्यांना पहिल्यापासून शिकायची गरज नाही. आधीच्या कामाची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. आपल्याकडच्या हायड्रावाल्या भावांनी हे नक्की विचारावं. केंद्र निवडताना पत्रक बघू नका. प्रत्यक्ष यंत्रावर किती तास बसवता, लोड चार्ट सोडवून घेता का, एवढं विचारा. आणि कुणी नुसते पैसे घेऊन कार्ड देतो म्हणाला, तर तिथून उठा. खऱ्या प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो, आणि तो तपासला जातो. डोळ्यांची तक्रार, चक्कर, फिट येत असेल, तर तपासणीत लपवू नका रे. खाली माणसं उभी असतात.

आपल्या भागाचं आणखी एक. निपाणीचा पोरगा सकाळी राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला जातो, संध्याकाळी परत येतो. कर्नाटकातलं बांधकाम कामगाराचं लेबर कार्ड महाराष्ट्राच्या कामगार कल्याण मंडळात चालत नाही, ती मंडळं राज्याराज्याची वेगळी. कौशल्य प्रमाणपत्र मात्र देशभर एकच, नाक्यावर बदलत नाही. आखातात जायचं मनात असेल, तर दहावीचं प्रमाणपत्र जपून ठेवा, पासपोर्टला उपयोगी पडतं. एजंट सरकारी नोंदणीचाच बघा. त्याला जीएसटी सोडून ३०,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आणि तिथं गेल्यावर पुन्हा परीक्षा होते, त्याची तयारी ठेवा.

शिकवणी कन्नडमध्ये, हिंदीत नाहीतर इंग्रजीत असते म्हणून आपली पोरं बिचकतात. कामावर तरी काय वेगळं आहे? खालून इशारे देणारा सिग्नलमन बिहारचा, सुपरवायझर आंध्रचा, ऑपरेटर आपला. आमची जुनी खलाशी बोलीच कितीतरी भाषांची. खाली सोड म्हणायला आम्ही ‘आरिया’ म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आलेला. वर घे म्हणायला ‘हबेस’. पण इंजिनच्या आवाजात तेही ऐकू येत नाही. तिथं हातच बोलतात.

जिथं बसला असाल तिथं माझ्याबरोबर करून बघा. उजवा हात कोपरात वाकवून तर्जनी आभाळाकडं करा आणि लहान गोल फिरवा. म्हणजे वर घे. हात खाली करून तर्जनी जमिनीकडं, तसाच गोल. म्हणजे खाली सोड. हात आडवा लांब, मूठ बंद, अंगठा वर. बूम उचल. अंगठा खाली, बूम खाली. हे इशारे एकाच माणसानं द्यायचे, दोघांनी दिले की ऑपरेटरनं हलायचं नाही.

आता दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा, तळवे जमिनीकडं, आणि आतबाहेर हलवा. जिथं आहेस तिथं थांब. हा एकच इशारा कुणीही देऊ शकतं. विटा वाहणाऱ्या बाईनं दिला, रस्त्यावरून जाणाऱ्यानं दिला, तरी ऑपरेटरनं थांबायचं असतं.

हात खाली घ्या. नमस्कार.