भूतकथाही आणि बालनाट्यही? मतकरींना कसं जमायचं?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, मी गूढकथा पण लिहितो आणि मुलांसाठी पण लिहितो. काहीतरी एकच धरू का?" त्यात सध्या रील्सवर जो उठतो तो सांगतो, एक नीश, म्हणजे एकच ठरावीक प्रकार, पकडा आणि त्यालाच चिकटून बसा. हा सल्ला लोणच्याचा धंदा करणाऱ्याला ठीक आहे हो. गोष्टी लिहिणाऱ्याला कशाला? म्हणून आज रत्नाकर मतकरी.

ओळख झटपट उरकते, कारण अर्ध्या लोकांना माहीत असणार. जन्म १९३८, मुंबईचे. १९५५ साली आकाशवाणीवर पहिली एकांकिका. अर्थशास्त्र शिकले, बँक ऑफ इंडियात वीसेक वर्षं नोकरी केली, १९७८ला ती सोडली. मुलांच्या नाटकांसाठी 'बालनाट्य' ही संस्था, मोठ्यांच्या नाटकांसाठी 'सूत्रधार'. गूढकथा, कादंबऱ्या, एकांकिका, मालिका, सिनेमा, शिवाय चित्रं काढायचे. मे २०२०मध्ये कोरोनात गेले. झालं.

बँकेवरून एक आठवलं. मागे कुणीतरी लिहिलं होतं, "सरकारी बँकेत कामच काय असतं, बसून लिहीत असतील." अहो, ती बँक सरकारी झाली १९६९ला, त्याआधी खाजगीच होती. आणि टेबलावर कॉम्प्युटर नव्हते, मोठमोठी लेजरं हाताने भरायची, संध्याकाळी पैशाचा फरक आला की तो सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. माझे काका बँकेतच होते, त्यांच्या तोंडून हे जेवताना ऐकत मी मोठी झालेय. तेव्हाची मुंबईतली बरीचशी नाटकवाली मंडळी अशीच नोकरदार होती, तालीम ऑफिस सुटल्यावर. त्यामुळे "वेळ मिळत नाही" ह्या विषयावर मी काहीच बोलणार नाहीये. पुढे.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारता, "मूड कसा बदलायचा?" सकाळी चेटकीण, रात्री भूत, मध्ये महाभारत. मूडबिड सोडा. लिहायला बसायच्या आधी एक गोष्ट ठरवा: कुणाला किती माहीत आहे? वाचकाला, प्रेक्षकाला आणि गोष्टीतल्या माणसाला. प्रकार आपोआप ठरतो.

नाही कळलं? मतकरींचं बालनाट्य 'अलबत्या गलबत्या' घ्या. २०१८ला ते परत रंगमंचावर आलं, वैभव मांगले चेटकीण होते. मी ठाण्याला गडकरी रंगायतनला भाचीला घेऊन गेले होते. माझ्या मागचा एक मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "अरे मागे बघ, मागे!" आई त्याचा शर्ट धरून खाली ओढतेय, वेफर्स सगळे माझ्या डोक्यावर. चेटकिणीचा डाव त्या मुलाला कळलाय, स्टेजवरच्याला कळलेला नाही. पोराला जास्त माहीत आहे, त्यातच त्याची सगळी मजा. ही बातमी त्याच्यापासून लपवलीत तर तो पाच मिनिटांत शू लागली म्हणून बाहेर जाईल. मुलं खोटं कौतुक करत नाहीत.

आता गूढकथा. तीच भीती, फक्त वाटप उलटं. वाचकाला कमी माहीत. मतकरींच्या गूढकथा बहुतेक साध्या घरांत घडतात, आपल्यासारखी नोकरीवाली माणसं, शेजारीपाजारी. वाडा, घुबड, वटवाघूळ ह्यावर त्यांची फारशी मदार नसते. लेखक हातात थोडंथोडं देत जातो आणि शेवटी जे हवं असतं ते पूर्ण देत नाही. इथे मला थोडं ओरडायचंय. तुम्ही ज्या कथा मेलवर पाठवता ना, त्यात शेवटी एक वॉचमन येतो. दर वेळी! "साहेब, त्या बाई तर दहा वर्षांपूर्वीच वारल्या." मग तो वॉचमन चार परिच्छेद माहिती देतो, कशा वारल्या, कुठल्या मजल्यावरून, पोलीस आले होते का. माहिती सगळ्यांना सारखी झाली की भीती संपली. वॉचमनला सुट्टी द्या.

तिसरीकडून बघा. मतकरींचं मोठ्यांचं नाटक 'आरण्यक', १९७४. महाभारताचं युद्ध होऊन गेलंय, म्हातारी माणसं वनात चाललीत. आता इथे लपवणार काय? थिएटरातल्या प्रत्येकाला महाभारत पाठ. धृतराष्ट्राला माहीत, गांधारीला माहीत, पहिल्या रांगेतल्या आजींना माहीत. वाटप समसमान. मग उरतं काय, तर ही माणसं आता एकमेकांशी बोलणार कसं. म्हणून ते मुक्तछंदात आहे, संथ आहे, आणि घटना अगदी थोड्या. ह्यात विदुर होते दिलीप प्रभावळकर. आणि अलबत्या गलबत्यातली मूळची चेटकीण कोण? तेच, प्रभावळकर! आरण्यक २०१८ला परत झालं तेव्हा रवी पटवर्धन पुन्हा धृतराष्ट्र आणि प्रभावळकर पुन्हा विदुर. इतक्या वर्षांनी तीच माणसं. नटाला कुणी विचारलं नाही, "एकच काय ते पकडा". लेखकालाच का विचारता?

बरं, एकच विषय दोन प्रकारांत नेता येतो का? येतो. 'जौळ' ही कादंबरी आहे, तिच्यावरून त्यांनीच 'माझं काय चुकलं?' नाटक केलं. 'इन्व्हेस्टमेंट' आधी कथा, मग त्यांनीच सिनेमा दिग्दर्शित केला, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आणि त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. शाळकरी मुलाकडून भयंकर काहीतरी घडतं आणि आईबाप त्याला वाचवायला उभे राहतात. कुणी केलं, हे कोडं घालण्यात त्याला रस नाही. कळल्यावर आईबाप काय करतात, ते बघायचं. परत तेच, कुणाला काय माहीत.

एका दादांनी लिहिलंय, "बालनाट्य हे काही साहित्य नव्हे." दादा, साहित्य अकादमीने मतकरींना २०१८चा बालसाहित्य पुरस्कार दिला, तिथे जाऊन भांडा.

आता तुमचं काम. एसटीच्या शेवटच्या थांब्यावर रात्री एक मुलगा एकटाच उतरतो. एवढीच घटना. आधी तो कशाला आलाय हे बघणाऱ्या पोरांना माहीत, ड्रायव्हरला नाही, असं लिहा. मग तेच, पण वाचकालाही माहीत नाही. मग सगळ्यांना माहीत आणि कुणीच बोलत नाही. तिन्हींची फक्त पहिली पानं कमेंटमध्ये टाका, मी रविवारी बसून वाचते. पूर्ण कथा पाठवू नका प्लीज, फोन हँग होतो.