अक्कांच्या सुपाशेजारची डबी

सोलापूर. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली सकाळ. तेंदूची पानं भिजवून ठेवली आहेत. आता एकेक पान मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा.

या बोटांकडे नीट बघा. ओलं पान, कोरडी तंबाखू, पुन्हा ओलं पान. थंडी पडली की टोकं फुटतात.

अक्कांच्या सुपाशेजारी ही डबी आहे. आत जोजोबाचं मलम, सुनेनं घरीच केलेलं.

जोजोबाला सगळे तेल म्हणतात. खरं तर ते पातळ मेण आहे. करडईच्या तेलापेक्षा त्याची घडणच निराळी. ही बाटली रात्रभर फ्रीजमध्ये होती. बघा, पार थिजली. सुमारे 10 अंशांखाली ते असं गोठतं. आता उन्हात ठेवली, झालं पातळ. आपली कातडी स्वतःच जो तेलकट थर सोडते, त्यातही जवळपास चौथा हिस्सा अशाच मेणाचा. म्हणून जोजोबा चिकचिकत नाही, पण कातडीतला ओलावा धरून ठेवतो. शिवाय लवकर खवट होत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात याचं मोल कळतं.

जोजोबाचं झुडूप मूळचं अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातलं. तिथले ओओधाम लोक बिया वाटून जखमांवर लेप लावत. 1965 मध्ये जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं ते भारतात आणलं. बीच्या वजनात जवळजवळ निम्मं हे मेणच.

आता सूनबाईंचा हात बघा. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं. थेट आच लागू द्यायची नाही. आधी एक भाग मधमाशांचं मेण, ते वितळायला साठ-पासष्ट अंश लागतात. मग चार भाग जोजोबा. थेंब गार ताटलीवर टाकून अंगठ्यानं दाबायचा. फार घट्ट वाटला? आणखी थोडा जोजोबा. ही परीक्षा त्या प्रत्येक खेपेला करतात, आणि डबीत ओतताना कुणाशी बोलत नाहीत.

हे पोटात घ्यायचं नाही. बियांत सिमंडसिन नावाचं अपायकारक द्रव्य असतं. उघडी जखम किंवा इसब असेल तर आधी डॉक्टर. आणि तंबाखूच्या धुळीनं छातीला होणारा त्रास या डबीनं जाणार नाही.

रात्री विड्यांच्या जुड्या बांधून झाल्या की अक्का हात धुतात. बोटं ओलसर असतानाच डबी उघडतात.

(निवेदन थांबते. फक्त हात.)